घंटी, विमान आणि शरीराचे घड्याळ : न थांबणारा ताल कुठून येतो?

विजेच्या घंटीचे एक कोडे आहे. बॅटरीतून येणारा प्रवाह एकाच दिशेने, एकसारखा वाहतो. बटण दाबणारे बोटही स्थिर असते. तरीही घंटीचा हातोडा सेकंदाला कित्येक वेळा वाटीवर आपटतो. हा ठोका आला कुठून? बॅटरीत तो नव्हता, बोटात नव्हता, तारेतही नव्हता.

उत्तर जोडणीत आहे. घंटीतला प्रवाह एका लोखंडी पट्टीतून आणि तिला टेकलेल्या स्क्रूतून जातो. प्रवाह सुरू झाला की गुंडाळीचे चुंबक होते आणि ते पट्टीला ओढते. पट्टी ओढली गेली की स्क्रूपासून सुटते. सुटली की प्रवाह बंद होतो, चुंबकत्व जाते, स्प्रिंग पट्टीला परत आणते, पट्टी स्क्रूला टेकते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. म्हणजे घंटी स्वतःलाच हुकूम देत असते : चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो. हा हुकूम कधीच पुरा होत नाही, म्हणून घंटी वाजत राहते.

परिणाम फिरून स्वतःच्याच कारणापर्यंत पोहोचला की त्याला फीडबॅक म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला ‘प्रत्याभरण’ असा शब्द आहे. मी या लेखात सोपा शब्द वापरतो : फेरा. परिणामाने कारणाला आणखी जोर दिला तर तो सुलटा फेरा. परिणामाने कारणाला दाबले तर तो उलटा फेरा. घंटीतला फेरा उलटा आहे.

आता एक शंका येते. उलटा फेरा तर गोष्टी स्थिर ठेवण्यासाठी असतो. इस्त्री जास्त तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो. अंग तापले की घाम येतो. मग तोच उलटा फेरा कधी शांत करतो आणि कधी नाचवतो, हे कशावर ठरते? माझ्या समजुतीप्रमाणे या विषयातला खरा प्रश्न हाच आहे.

उशीर, घाई आणि मर्यादा

गिझर वरच्या मजल्यावर आणि शॉवर खालच्या मजल्यावर असेल तर काय होते ते प्रत्येक होस्टेलवासीयाला माहीत आहे. पाणी गार लागते म्हणून आपण गरम नळ उघडतो. लगेच फरक पडत नाही, कारण पाइपात जुने पाणी आहे. म्हणून आणखी उघडतो. मग एकदम चटका बसतो. आपण नळ आवळतो, फरक दिसत नाही, आणखी आवळतो, आणि डोक्यावर बर्फासारखे पाणी पडते. आपली प्रत्येक कृती योग्य दिशेनेच होती. फक्त ती जुन्या बातमीवर आधारलेली होती.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा पाणी हवे त्यापेक्षा ८ अंश जास्त गरम आहे. आपण सावकाश माणूस आहोत आणि प्रत्येक वेळी आधीच्या चुकीच्या निम्मी चूक उलट बाजूला करतो. मग चुका अशा येतील : ८ अंश जास्त, ४ कमी, २ जास्त, १ कमी. झोके लहान होत थांबतात. आता माणूस घाईचा आहे आणि प्रत्येक वेळी दुप्पट चुकतो, असे धरू. मग ८ जास्त, १६ कमी, ३२ जास्त. झोके वाढत जातात.

पण ते कायम वाढू शकत नाहीत. नळ पूर्ण उघडला की त्यापुढे उघडत नाही, आणि पूर्ण बंद केला की त्यापुढे बंद होत नाही. म्हणून शेवटी झोका एका ठरावीक मापावर येऊन बसतो : पूर्ण गरम, पूर्ण गार, पूर्ण गरम, पूर्ण गार. टिकणारे दोलन असे तयार होते. लहान झोक्याला फेरा मोठा करतो आणि फार मोठ्या झोक्याला मर्यादा कापते. दोन्हींच्या मधले माप टिकते.

लंबकात आणि यात मोठा फरक आहे. लंबक जोरात ढकलला तर मोठा झोका घेतो, हळू ढकलला तर लहान, आणि हवेच्या घर्षणाने शेवटी थांबतो. त्याला स्वतःचे माप नसते. फेऱ्यातून जन्मलेल्या दोलनाला स्वतःचे माप असते. त्याला धक्का दिला तरी ते थोड्या वेळाने आपल्या मापावर परत येते. अर्थात त्यासाठी ऊर्जा सतत पुरवावी लागते. बॅटरी काढली तर घंटीही गप्प होते.

तेव्हा तीन गोष्टी लागतात : उलटा फेरा, त्यात उशीर, आणि पुरेसा जोरकस प्रतिसाद ज्याला कुठेतरी मर्यादा आहे. घंटीत उशीर पट्टीच्या जडत्वामुळे येतो. सुटलेली पट्टी त्याच क्षणी थबकत नाही, वेगात पुढे जाते. तिला वजनच नसते आणि चुंबक क्षणात जागे-झोपी झाले असते, तर पट्टी मधेच कुठेतरी अडकून राहिली असती आणि ठोका पडला नसता.

आमचे गाव लोणंदजवळ आहे आणि लोणंदचा कांदा बाजार साऱ्या सातारा जिल्ह्याला माहीत आहे. तिथे हाच शॉवर मोठ्या प्रमाणात चालतो. यंदा भाव चढला की सगळे शेतकरी कांदा लावतात. पण रोप टाकल्यापासून कांदा बाजारात यायला चार-पाच महिने जातात. तोपर्यंत सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. पुढच्या वेळी लोक कांदा सोडून दुसरे काही लावतात, माल कमी येतो आणि भाव पुन्हा चढतो. पाऊस, साठवण आणि निर्यातीचे नियमही भाव हलवतात, त्यामुळे हा ताल घड्याळासारखा नेमका नसतो. पण पाऊसपाणी सारखे असते तरी भाव हलला असता, कारण पेरणीचा निर्णय आजच्या भावावर आणि विक्री चार महिन्यांनंतरच्या भावावर होते. निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अशा चक्राला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण आलेखावर रेघा तशाच दिसतात. माझे आजोबा हे अर्थशास्त्र न वाचता सांगतात : सगळे लावतील तेव्हा आपण लावू नये. अडचण एवढीच की सगळ्यांचेच आजोबा तसे म्हणाले तर पुन्हा तेच होते.

विमानातला फेरा

हाच फेरा आकाशात घडला तर जीव जातो. वैमानिकाला दिसते की विमानाचे नाक वर चालले आहे. तो स्टिक पुढे दाबतो. विमान प्रतिसाद द्यायला क्षणभर वेळ घेते, तेवढ्यात तो आणखी दाबतो. नाक गरजेपेक्षा खाली जाते. तो स्टिक ओढतो, नाक जास्त वर जाते. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. याला वैमानिकजन्य दोलन म्हणतात. यात वैमानिक निष्काळजी नसतो आणि विमानही बिघडलेले असेलच असे नाही. बिघाड दोघांच्या जोडीत असतो.

स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना असाच कोसळला. त्यानंतर ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये हवाई प्रदर्शन चालू असताना आणखी एक ग्रिपेन याच प्रकारे पडले. दोन्ही वेळा वैमानिक एकच होता आणि दोन्ही वेळा तो वाचला. वैमानिकाने स्टिक फार वेगाने हलवली तेव्हा पंखांवरच्या पृष्ठांना तेवढ्या वेगाने हलता आले नाही. ती मागे राहिली, म्हणजे फेऱ्यात उशीर वाढला. आपण वर पाहिलेले तिन्ही घटक त्या काही सेकंदांत एकत्र आले.

आपल्या बेंगळुरूशी याचा जवळचा संबंध आहे. तेजस विमान इथे घडले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी त्याचे पहिले उड्डाण इथूनच केले. चपळाईसाठी तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे. वैमानिकाने नुसते सोडून दिले तर ते सरळ उडत राहणार नाही. संगणक सतत त्याचा कल मोजतो आणि सतत सुधारतो. म्हणजे हे विमान उलट्या फेऱ्यांच्या आधारावरच उडते. ते फेरे किती जोरकस असावेत आणि त्यांत किती उशीर चालेल, हे ठरवणारे नियम इथल्या अभियंत्यांनी लिहिले आणि उड्डाणापूर्वी जमिनीवर पुन्हा पुन्हा तपासले. जोर कमी पडला तर विमान सावरत नाही, जास्त झाला तर ते थरथरते. दोन्हींच्या मधल्या जागेत उडायचे असते.

वैमानिकांना अशा वेळी काय शिकवतात ते कळले तेव्हा मला फार आवडले. झोके सुरू झाले तर स्टिकशी झगडू नका. हात स्थिर धरा किंवा स्टिक सोडा. म्हणजे फेरा तोडा.

तिघांचा खेळ

आतापर्यंत एकच फेरा पाहिला. जाळ्यात अनेक जण एकमेकांवर परिणाम करत असतात. तिथे ताल कधी येईल हे ओळखायचे कसे? आम्ही एका रविवारी बास्केटबॉलच्या मैदानावर हे करून पाहिले.

तीन कॅडेट गोलात उभे करा : अ, ब आणि क. नियम एकच. आपल्या आधीच्याकडे पाहायचे आणि एक अंक मोजून त्याच्या उलट करायचे. तो उभा तर आपण बसायचे, तो बसला तर आपण उभे राहायचे. अ उभा आहे, म्हणून ब बसतो. ब बसला, म्हणून क उभा राहतो. क उभा, म्हणून अ बसतो. अ बसला, म्हणून ब उभा. ब उभा, म्हणून क बसतो. क बसला, म्हणून अ उभा. सहा अंकांत आपण सुरुवातीला आलो आणि खेळ पुढे चालूच राहतो. लांबून आमचे ड्रिल उस्ताद ओरडले, “ही पनिशमेंट कोणी दिली तुम्हाला?”

आता दोघेच घ्या. अ उभा, म्हणून ब बसतो. ब बसलेला, म्हणून अ उभा राहायला हवा, पण तो उभाच आहे. खेळ थांबला. चौघांतही थांबतो. पाच जणांत मात्र चालतो आणि दहा अंकांत पुरा होतो. कारण साधे आहे. उलट्याचे उलट म्हणजे सुलट. उलट करणाऱ्यांची संख्या सम असेल तर निरोप फिरून मूळ स्थितीला “बरोबर आहेस” असे सांगतो. संख्या विषम असेल तर निरोप “चूक आहेस” असाच येतो, दर फेरीला. सम फेरा लक्षात ठेवतो, विषम फेरा ठोके देतो. संगणकाच्या चिपमध्ये दोन उलट करणारी द्वारे जोडून स्मृतीचा एक बिट साठवतात, तर तीन किंवा पाच द्वारे गोलात जोडून ठोके काढतात. बेल्जियमचे जीवशास्त्रज्ञ रेने थॉमस यांनी १९८१ मध्ये हा नियम जाळ्यांसाठी मांडला : टिकणारे दोलन हवे तर जाळ्यात कुठेतरी उलटा फेरा असलाच पाहिजे. पुढे गणितज्ञांनी तो सिद्ध केला. याचा अर्थ उलटा फेरा दिसला की दोलन होणारच, असा मात्र नाही.

ते का, हेही मैदानावर समजले. तिघेही अर्धवट वाकून उभे राहिले तर? अर्ध्याचे उलट अर्धेच. सगळे नियम पाळले जातात आणि कोणीच हलत नाही. ही या जाळ्याची शांत अवस्था आहे. ती टिकेल का, हे प्रत्येकाच्या स्वभावावर ठरते. आधीचा जरासा वर झाला की पुढचा धाडकन बसणारा असेल, तर चूक वाढत जाते आणि खेळ सुरू होतो. पुढचा फक्त जरासाच खाली होणारा असेल, तर चूक विरते आणि तिघे वाकलेलेच राहतात. आमच्या गणिताच्या सरांनी सांगितले की तीन सारख्या संथ कड्यांच्या फेऱ्यात प्रत्येकीचा उलट प्रतिसाद दुपटीहून जोरकस असावा लागतो. पाच कड्या असतील तर सुमारे सव्वापट पुरतो. फेरा लांबला की उशीर वाढतो, आणि उशीर जास्त असेल तर घाई कमी असली तरी दोलन येते.

शेवटी आमच्यातल्या एकाने मुद्दाम एकाऐवजी दोन अंक मोजले. ताल थांबला नाही, फक्त लांबला. सहाऐवजी आठ अंक लागू लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माशीत ती भेटणार आहे.

पेशीत बसवलेले तीन जण

जानेवारी २००० मध्ये मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लायब्लर यांनी हाच तिघांचा खेळ जिवाणूत बसवल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. त्यांनी ई. कोलाय जिवाणूत तीन जनुके अशी जोडली की पहिल्याचे प्रथिन दुसऱ्याला दाबेल, दुसऱ्याचे तिसऱ्याला आणि तिसऱ्याचे पहिल्याला. सोबत हिरवे चमकणारे प्रथिन जोडले. जिवाणू चमकू-विझू लागले. एका चक्राला साधारण अडीच तास लागत. गंमत म्हणजे तेवढ्या वेळात जिवाणूचे विभाजनही होऊन जाई, म्हणून आईचा ताल लेकीकडे जाई. त्याच अंकात शेजारच्या लेखात दुसऱ्या गटाने दोन जनुके एकमेकांना दाबतील अशी जोडली होती. तिथे ताल आला नाही. तिथे स्मृती आली. दोघांचा आणि तिघांचा फरक पेशीतही तसाच निघाला.

शरीराचे घड्याळ आणि जक्कूर

निसर्गाने हे आपल्याआधी कितीतरी वर्षे केले आहे. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेराँ यांनी लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ रोपाच्या आत होते. पण ते कशाचे बनले आहे हे कळायला अडीचशे वर्षे गेली.

१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाशीचे तीन वेगळे प्रकार सापडले. एकीचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसरीचा सुमारे २८ तासांचा, आणि तिसरीला तालच नाही. तिन्ही बदल एकाच जनुकात होते. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांनी पुढे ते जनुक वेगळे काढले आणि त्याचे काम उलगडले. त्याबद्दल त्यांना २०१७ चे नोबेल मिळाले. काम असे चालते : पिरियड नावाचे जनुक पेशीत पिरियड प्रथिन बनवायला लावते. प्रथिन हळूहळू साचते, टाइमलेस नावाच्या जोडीदाराबरोबर केंद्रकात शिरते आणि स्वतःच्याच जनुकाला बंद करते. मग नवीन प्रथिन बनत नाही, जुने तुटून संपते, बंदी उठते आणि जनुक पुन्हा सुरू होते.

ही विजेची घंटीच आहे, फक्त एका ठोक्याला २४ तास लागतात. एवढा उशीर येतो कुठून? यंग यांना सापडलेले डबलटाइम नावाचे आणखी एक प्रथिन पिरियडला तोडायला लावते, त्यामुळे ते साचायला वेळ लागतो. आमच्यातला कॅडेट जसा मुद्दाम थांबला, तसाच हा थांबा आहे. थांबा बदलला की १९ तासांची किंवा २८ तासांची माशी होते.

या विषयावर भारतात झालेल्या महत्त्वाच्या कामाचा मोठा वाटा आपल्याच शहरात, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात झाला आहे. प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी आधी मदुराईला गुहांतल्या वटवाघळांचा अभ्यास केला. माणसाला घड्याळ आणि सूर्यापासून दूर ठेवता येईल अशी खोलीही त्यांनी तिथे उभारली. नंतर ते जक्कूरला आले. १९९९ मध्ये जक्कूरच्या गटाने एक विलक्षण निरीक्षण छापले. त्यांच्याकडच्या फळमाश्या ६०० हून अधिक पिढ्या सतत उजेडात, एकाच तापमानात वाढत होत्या. त्यांच्या वंशात दिवस आणि रात्र उरलीच नव्हती. तरीही त्यांना अंधारात ठेवले तेव्हा कोशातून बाहेर पडण्याचा दैनिक ताल दिसला. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर ६०० पिढ्या म्हणजे १५,००० वर्षे होतात. एवढा काळ न वापरताही घड्याळ जागेवर होते.

पुढे तिथल्याच प्रा. विजय कुमार शर्मा यांच्या गटाने पहाटे लवकर कोशातून निघणाऱ्या माश्यांची पिढ्यान्‌पिढ्या वेगळी निवड केली आणि संध्याकाळी निघणाऱ्यांची वेगळी. काही काळाने लवकरवाल्यांचे घड्याळ जलद आणि उशिरावाल्यांचे संथ झालेले आढळले. कोण लवकर उठतो आणि कोण उशिरा, यात नुसता आळस नसतो, हे यावरून दिसते. अर्थात हे कारण पीटी उस्तादांना सांगून पाहू नका.

पहारा आणि झोप

माणसाचे आतले घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित संथ चालते. रोजचा उजेड त्याला पुढे ढकलून जुळवून घेतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे नेतो, रात्री उशिराचा उजेड मागे नेतो. सुट्टीत आपण मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहतो आणि नऊला उठतो, तेव्हा घड्याळ रोज थोडे थोडे मागे सरकते. टर्म सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात बिगुल नकोसा वाटतो तो त्यामुळे. घड्याळ हुकमाने सरकत नाही, दिवसाला साधारण तासाभराने सरकते. पालकांना विनंती : सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला लवकर उठवा, सकाळी अंगणात काढा आणि रात्री मोबाइल काढून घ्या. मित्रांनो, मला माफ करा.

माझे बाबा सैन्यात हवालदार आहेत. ते म्हणतात, पहाऱ्यातला सगळ्यात कठीण वेळ रात्री दोन ते चार. थंडी किंवा भीती यांमुळे तो कठीण नसतो. माणूस जागाच असतो, डोळे उघडे असतात, पण समोरची गोष्ट डोक्यात उतरायला वेळ लागतो. आता मला कळते की त्या वेळी शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाजवळ असतात. दिवसभर विश्रांती घेतली तरी तो तळ पूर्णपणे जात नाही, कारण तो थकव्याचा नसून घड्याळाचा आहे. म्हणून पहारे छोटे ठेवतात, जोडीदार देतात, आणि तपासणीला येणारा अधिकारी नेमका त्याच वेळी येतो. शिस्तीचे हे नियम घड्याळाचे जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी बनले. बनवणाऱ्यांनी माणूस नीट पाहिला होता.

कुठेही काही पुन्हा पुन्हा वर-खाली होताना दिसले तर आपण बहुधा दोषी शोधतो : नळ, व्यापारी, वैमानिक, आळशी मुलगा. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. परिणाम फिरून कारणापर्यंत येतो का? यायला किती उशीर लागतो? आणि प्रतिसाद गरजेपेक्षा जोरात आहे का? ताल नको असेल तर बातमी लवकर पोहोचवा, हात हलका ठेवा किंवा फेरा तोडा. ताल हवा असेल तर उशीर सांभाळा. घड्याळात उशीर हा दोष नसतो, घड्याळ उशिराचेच बनलेले असते.